साकतुनच्या राजाचं नाक

१

राजाचं नाक फरसबंदीवर पडलं होतं.

चार तांबडे तुकडे आणि मूठभर चुरा, एवढंच त्याचं उरलं होतं. वर, दोन पुरुष उंचीवर, शिळेला गुंडाळलेल्या पांढऱ्या कापडाची फट पडली होती. त्या फटीतून राजाचा दगडी चेहरा दिसत होता आणि चेहऱ्याच्या मधोमध खड्डा होता. तुकड्यांशेजारी काळ्या दगडाचा एक हातोडा होता, मुठीला निळा दोरा गुंडाळलेला. साकतुनमध्ये असा दोरा गुंडाळणारा एकच माणूस होता. चिताम. तीन वर्षांपूर्वीच्या लढाईत पायतुनहून धरून आणलेला पाथरवट.

साकतुनमध्ये दर पाच वर्षांनी एक शिळा उभी राहायची. तिला राजाची मूर्ती कोणी म्हणत नसे. ती राजाच होती. एक देह मांसाचा, एक दगडाचा. म्हणून कापडाच्या गाठी तपासायला तांबडफुटीला आलेल्या कारभारी ओचोमनं तो खड्डा पाहिला, तेव्हा 'शिळा फुटली' असे शब्द त्याच्या तोंडी आले नाहीत. तो ओरडला, "राजावर घाव घातला! धावा!"

आरडाओरडा उपासाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला तेव्हा म्हातारी मुकुय पाट्यावर मका वाटत होती. शिळा उघडण्याआधी पाच दिवस राजा, शिळा घडवणारा तिलोम आणि शिळा रंगवणारा वोहोल या तिघांना उपास असे. मीठ नाही, मिरची नाही, बायको नाही. त्यांच्यासाठी मका तीनदा वाटावा लागे आणि तो मुकुयशिवाय कुणी वाटायचा नाही, असा राजाचा हुकूम होता. राजाला तिनं अंगावर पाजलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी ती स्वतःही अशीच उत्तरेहून दोरीला बांधून आली होती, हे आता कुणी बोलून दाखवत नसे. पकडलेला पाथरवट राहायला तिच्या अंगणात दिला, तेव्हाही नाही.

हात धुऊन ती राजासमोर जाऊन उभी राहिली, तोवर चितामला तिच्या अंगणातून ओढून नेलेलं होतं.

"आई, मध्ये पडू नकोस," राजा म्हणाला. त्याचा हात पुन्हा पुन्हा स्वतःच्या नाकाकडे जात होता. "रात्रीपासून मला श्वास पुरत नाही. आत्ता कळलं का ते."

"सर्दी आहे ती. काल चेंडूच्या मैदानात उघड्या अंगानं चार घटका बसलास."

"हातोडा त्याचा आहे!"

"हातोडा त्याचाच आहे. पुढे?"

"पुढे काय? सूर्य पश्चिमेच्या टेकडीला टेकला की दहा बोटं मोडायची. एकेक करून, सगळ्यांसमोर. मग उद्या शिळा उघडायची की नाही ते ज्योतिषी बघतील."

पाथरवटाची बोटं मोडणं ही साकतुनमधली मरणाच्या वरची शिक्षा. मेलेला माणूस निदान पूर्वजांत जमा होतो. बोटं गेलेला पाथरवट उरलेला जन्म दुसऱ्याच्या हातून घास खातो.

"मग सूर्य टेकेपर्यंतचा वेळ माझा," मुकुय म्हणाली.

"कशाला?"

"तुझं नाक कुणी काढलं ते बघायला. आणि ओचोमला सांग, मला एक शिडी लावून दे."

२

"आजी, वय काय तुमचं?" शिडी धरून ओचोमनं विचारलं.

"तू धर घट्ट. पडले तर तुझ्याच अंगावर पडेन, मग तुझं वय मोजायला कुणी उरणार नाही."

ती वर पोचली. कापड बाजूला सारून तिनं आधी राजाच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे शाबूत होते, पापण्यांची कडसुद्धा. ओठही जागच्या जागी. मग तिला डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं. तांबड्या रंगावर तीन-चार पांढरे कण. उजव्या डोळ्यातही होते. तिनं नखानं एक कण काढला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली.

"सापडलं काही?" खालून ओचोम.

"गप्प बैस जरा. चव घेतेय."

"राजाची?"

आता ती खड्ड्याकडे वळली. नाकाच्या जागी तळहात बुडेल एवढी पोकळी होती. आतल्या भिंतींवर छिन्नीच्या खुणा होत्या, सरळ, शेजारीशेजारी, ओल्या मातीत सुरी फिरवावी तशा. त्या खुणांच्या तळाशी पांढरी रेघ होती. तिनं बोट फिरवून तेही चाटलं आणि लगेच थुंकली. जीभ भाजली होती.

खाली आल्यावर ती गुडघ्यांवर बसली. फरसबंदीतल्या एका दगडावर ठेचल्याची पांढरी खूण होती, ताजी, तिच्याभोवती चुरा. चुरा इथेच होता. शिळेच्या अंगावर, कापडाच्या घड्यांत, कुठेही त्याचा कण नव्हता.

"ओचोम, तू खाणीत काम केलंयस ना?"

"तरुणपणी. सहा वर्षं."

"आपला दगड खाणीतून निघाला की कसा असतो?"

"कसा म्हणजे? भिजल्या भाकरीसारखा. लाकडानंही कोरता येतो. मग वारा पितो, ऊन खातो आणि वर्षभरात हाडासारखा होतो."

"ही शिळा उभी राहून किती झालं?"

"अकरा महिने."

"मग आज हिच्यावर घाव घातला तर?"

"ढलप्या उडतील. शिंपल्यासारख्या." ओचोमनं वर पाहिलं. "का?"

"वर एकही ढलपी नाही. आत छिन्नीचे सरळ फराटे आहेत. दगड मऊ होता तेव्हाचे." तिनं हातोडा उचलून त्याच्या हाती दिला. "हा शिळेला लागलेलाच नाही."

"मग नाक काय शिंकून पडलं?"

"पडलं, हे खरं. आणि पडल्यावर कुणीतरी ते खाली या दगडावर ठेवून ठेचलं. जमिनीवर पडलेलं नाक कुणी कशाला ठेचेल, ओचोम?"

ओचोम वाकून तो दगड पाहू लागला. मुकुय चितामकडे निघाली होती.

३

चितामला चेंडूच्या मैदानामागे बांधून ठेवलं होतं, हात पाठीशी. तिला पाहून तो उठायला गेला, जमलं नाही.

"बैस," ती म्हणाली आणि स्वतःही समोर मातीत बसली. "काल दुपारी, शिळेपाशी चिटपाखरू नव्हतं तेव्हा, कुठे होतास?"

"तुमच्या अंगणात. तुमच्या पाट्याला टाकी लावत होतो. गुळगुळीत झालाय म्हणून तुम्हीच ओरडला होतात."

"कुणी पाहिलं?"

"सगळं गाव चेंडू बघायला गेलेलं. तुमच्या टर्क्यांनी पाहिलं असेल तर विचारा."

"त्या माझ्याशी बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकीचा रस्सा केला." ती जरा थांबली. "हातोडा?"

"कार्यशाळेत असतो. तिथेच ठेवतो रोज."

"चिताम, आता एक विचारते, खरं सांग. तुमच्याकडे पायतुनला, लढाई जिंकली की हरलेल्या राजाच्या शिळेचं काय करतात?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "मारतात."

"कसं?"

"आधी डोळे फोडतात, म्हणजे मारणाऱ्याला तो पुन्हा ओळखणार नाही. मग तोंड, म्हणजे पूर्वजांना हाक मारणार नाही. नाक शेवटी."

"इथे डोळे शाबूत आहेत."

"ऐकलं मी."

"तू असतास तर सोडले असतेस?"

"मी असतो तर..." त्यानं ओठ मिटले. मग तो म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला उन्हात फिरता? मी केलं नाही हे तुम्हाला कळलं, मला पुरे आहे."

"बोटं मोडतील तुझी."

"केलं म्हणालो तरी मोडतील. खरं सांगितलं तर नुसती मोडणार नाहीत, तोडतील."

"कसलं खरं?"

चितामनं तोंड भिंतीकडे वळवलं. नंतर तिनं चारदा विचारलं, एकदा शिव्याही दिल्या. तो वळला नाही.

४

रंगारी वोहोल कार्यशाळेच्या दारात पाय पसरून बसला होता. उपासाचा पाचवा दिवस त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"मावशी, एक मिरची," तो म्हणाला. "एकच. कुणाला सांगणार नाही."

"उद्या. आज माझ्याशी बोल. चेहऱ्यावर रंग तू दिलास?"

"मीच. तीन हात. सोनेरी मातीचं अस्तर, वर तांबडा, वर चिकाचा..."

"नाकाला किती?"

वोहोल दचकला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू सांग."

"पाच हात द्यावे लागले. गाल तीन हातांत बसला, पण नाकाच्या कडेकडेनं रंग नुसता पीत होता. वाळूत पाणी ओतावं तसा. मी तिलोमकाकांना म्हटलं, काका, इथे दगड वेगळा लागतोय. तर म्हणाले, दगडालाही तहान असते, तू आपला ओत."

"तिलोम चेहरा कोरताना तू बघायला जायचास?"

"छे! चटया लावून घेतल्या होत्या. तीन महिने. आत फक्त काका आणि तो चिताम, अवजारं हातात द्यायला. आम्ही बाहेर. एकदा मी डोकावलो तर काकांनी असा दगड भिरकावला... दोन हात बाजूनं गेला म्हणून वाचलो. नाहीतर त्यांचा नेम काय होता तरुणपणी! उडता पोपट पाडायचे."

तिलोम आत होता. साकतुनमधल्या मागच्या चार शिळांच्या पायाशी त्याचं नाव कोरलेलं होतं आणि या पाचवीच्याही होतं. तो अवजारं पुसून ओळीनं लावत होता, प्रत्येकाच्या धारेवरून अंगठा फिरवून.

"कोण? मुकुय का?" ती काही बोलण्याआधी त्यानं विचारलं. "पावलांवरून ओळखलं. बैस. वाईट झालं ना? परक्याला घरात घेऊ नये म्हणतात ते उगाच नाही."

"अगदी खरं. सकाळपासून डोकं दुखतंय त्यानं. काल तू मैदानात दिसला नाहीस?"

"पाच दिवस पोटात मीठ नाही, उन्हात कुठे बसू? इथेच पडलो होतो."

"एकटाच?"

"एकटाच. तो दुपारी येऊन हातोडा घेऊन गेला. मी विचारलं, आज काम नाही, हातोडा कशाला? तर हसला."

"निळ्या दोऱ्याचा?"

"तोच. दिसला ना मला."

मुकुयनं मान हलवली. मग कानातला हिरवा मणी काढला. तो तिच्या लग्नातला. चाळीस वर्षांत त्याला ओरखडा नव्हता आणि आजही नव्हता.

"आलेच आहे तर एक काम करून दे. या मण्याला तडा गेलाय बघ. फुटेल का रे पुढे?"

तिलोमनं मणी घेतला, उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले, अंगठा फिरवला.

"हं. केसाएवढा आहे," तो म्हणाला. "इथे, या कडेला. दोन वर्षं जाईल अजून. जपून घाल."

"डोळे बाकी चांगले आहेत हो तुझे, तिलोम," मुकुय म्हणाली आणि मणी परत कानात घालून बाहेर पडली.

सूर्य टेकडीपासून दीड हात वर होता. तिला आता सगळं कळलं होतं. चिताम का बोलत नव्हता, तेही. खरं बाहेर काढलं तर तो आजच्यापेक्षा मोठ्या संकटात पडणार होता, आणि ते बाहेर काढायला ती स्वतःच निघाली होती.

५

शिळेसमोरच्या अंगणात गाव जमलं होतं. मधोमध एक सपाट दगड आणि लाकडी दंडुका ठेवला होता. मुकुयनं राजाला सांगून गाव मागे हटवलं. पुढे पाचच माणसं राहिली: राजा, ओचोम, तिलोम, बांधलेला चिताम आणि ती.

"सांग," राजा म्हणाला. "सूर्य थांबणार नाही."

"मीही फार थांबणार नाही. पहिली गोष्ट, तुझ्यावर कुणी घाव घातलेला नाही. अकरा महिन्यांपूर्वी, दगड मऊ होता तेव्हा, नाकाच्या जागी आत गारगोटी लागली. आपल्या दगडात त्या असतातच. गारगोटीवर छिन्नी चालत नाही. ती खणून काढावी लागली, खड्डा पडला. मग दुसऱ्या दगडाचं नाक करून चुन्यानं बसवलं. खड्ड्यात चुना आहे. जन्मभर मका चुन्यात शिजवलाय मी, माझी जीभ चुन्याला चुकत नाही. रंगाऱ्यालाही नाकाच्या कडेनं पाच हात द्यावे लागले. चुना रंग पितो."

राजाचा हात नाकाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"पावसाळ्यात ओल्या कापडाखाली तो चुना सुटला. काल दुपारी कुणीतरी कापड सोडून बघायला वर चढलं आणि नाक त्याच्या हातात आलं. उद्या ते तुझ्या हातात आलं असतं. कापड ओढताना, सगळ्या गावासमोर, राजानं स्वतःचंच नाक पाडलं असतं. ते टाळायला एकच वाट होती, नाक शत्रूनं पाडलं असं दाखवायचं. पण तुकड्याची पाठ गुळगुळीत आणि चुन्यानं माखलेली. कुणी उचललं असतं तर कळलं असतं. म्हणून तो चितामच्या हातोड्यानं खाली ठेचला आणि हातोडा शेजारी ठेवला."

"कुणी?" ओचोम म्हणाला.

"थांब. जो वर चढला त्याचा शिळेवर विश्वास होता. शिळेनं जग उद्या पाहायचं, आज नाही. आणि आपल्याला तर मुळीच पाहायचं नाही. म्हणून त्यानं आधी तिच्या दोन्ही डोळ्यांवर मक्याचं पीठ थापलं, काम झाल्यावर काढून घेतलं. शत्रू डोळे फोडतो. डोळे झाकतो तो घरचा माणूस. डोळ्यांच्या कोपऱ्यात पीठ राहिलं होतं. मी चाखलं. तीनदा वाटलेलं, मीठ नाही, मिरची नाही. चितामच्या जेवणात दोन्ही असतं, गुलामाला उपास कुठून परवडणार? अळणी पीठ या पाच दिवसांत तिघांनाच मिळालं. एक तू. तू मैदानात माझ्या डोळ्यांसमोर शिंकत होतास."

"आई."

"उरले दोन. तांबड्या रंगावर पांढरे कण. वोहोलला ते दहा हातांवरून दिसले असते, त्याचं पोटच रंगावर चालतं. ज्याला दिसत नाही, त्याच्याकडूनच ते राहतील." ती वळली. "तिलोम, माझ्या मण्याला तडा गेलेला नाही रे."

तिलोम हलला नाही. हात मात्र छिन्नी शोधावी तसे कमरेशी चाचपत होते.

"किती वर्षं झाली?" तिनं हळू विचारलं.

"चार," तो म्हणाला. "आधी कडा गेल्या. मग मधलंही. आता उजेड आणि सावली, एवढंच." मग तो एकदम राजाच्या पायांशी बसला. "स्वामी, मी नाक पाडलं नाही! मी नीट करायला गेलो होतो. हातात आलं. मी काय करणार होतो?"

"माझा चेहरा," राजा सावकाश म्हणाला. "तुला दिसत नाही. मग माझा चेहरा कुणी कोरला?"

सगळ्यांच्या नजरा बांधलेल्या हातांकडे गेल्या.

"पायतुनच्या माणसानं?" राजाचा आवाज चढला. "माझ्या शत्रूच्या हातांनी मी घडलो? अकरा महिने हे माझ्या शिळेत..."

"स्वामी, दोघांचेही हात तोडा," ओचोम म्हणाला. "शिळा नदीत टाका."

"हेच सांगत होतो मी, आजी," चिताम पुटपुटला.

मुकुय राजाच्या इतकी जवळ गेली की बाकीच्यांना ऐकू येऊ नये. तरी ओचोमला ऐकू आलंच आणि त्यामुळेच पुढे ते साऱ्या गावाला कळलं.

"कुत्स," ती म्हणाली. हे त्याचं पाळण्यातलं नाव. टर्कीचं पिल्लू. "तुझी आई तापात होती. तू तीन दिवसांचा होतास. तेव्हा दोरीला बांधलेल्या बायकांतून तुझ्या बापानं एकीला निवडलं, तिच्या अंगावर दूध होतं म्हणून. माझं बाळ वाटेत गेलं होतं. दोन वर्षं प्यायलास. हे हात, हे खांदे, हे खरं नाक, सगळं शत्रूच्या दुधाचं आहे. तेव्हा बाटला नाहीस, आता दगडाच्या नाकानं बाटशील?"

राजानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो शिळेकडे पाहत होता. फटीतून दिसणारा चेहरा त्याचाच होता, हे आंधळ्यानंसुद्धा सांगितलं असतं. तीच जड पापणी, तोच थोडा रागावलेला ओठ. मागच्या चार शिळांवर राजा होता. हिच्यावर तो स्वतः होता.

"बोटं मोडायची तर मोड," मुकुय आता मोठ्यानं म्हणाली. "दगड मांडलाय, दंडुका आहे, सूर्यही टेकतोय. फक्त एक सांग. उद्या सकाळी तुला नाक कोण देणार? तिलोमला दिसत नाही. ओचोम देईल?"

ओचोम दोन पावलं मागे सरकला.

"पाच वर्षं तोंडानं श्वास घेत उभा राहणार आहेस का?"

सूर्य टेकडीला टेकला. राजानं हात वर केला. एक शिपाई दंडुका उचलून पुढे आला.

"दोर काप," राजा म्हणाला.

६

खाणीतून सकाळीच निघालेला एक ओला दगड धावत आणला गेला. तिलोमला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तो चुन्याच्या घमेल्यापाशी जाऊन बसला आणि कोपरापर्यंत हात घालून मळू लागला. मळायला डोळे लागत नाहीत.

"सालीचा चीक घालतोय," तो चितामकडे न वळता म्हणाला. "मागच्या वेळी घाईत राहिला होता."

"मी तेव्हाच खुंटी मारू म्हणालो होतो, काका."

"म्हणाला होतास. भोक पाडायचा आवाज चटयांबाहेर जाईल म्हणून मी नको म्हटलं." तिलोमनं चुना उचलून बोटांत दाबून पाहिला. "आज मार. आज गावानं ऐकलं तरी चालेल."

चितामनं मनगटं चोळली. ती सुजली होती, पण दहाही बोटं वळत होती. त्यानं ओला दगड मांडीवर घेतला, छिन्नी टेकवली आणि थांबला.

"काय झालं?" ओचोम खेकसला. "उजेड चाललाय!"

"माप हवं. मागच्या वेळी लांबून बघून केलं होतं. रस्त्यावरून पालखी जाताना. बाजू जरा चुकली होती."

राजाच्या चेहऱ्याला कुणी हात लावत नसे. राण्याही नाही. ओचोमनं तोंड उघडलं आणि मुकुयकडे पाहून मिटलं.

राजा पायऱ्या उतरला. जमिनीवर, चितामच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. डोक्यावरचा पिसांचा मुकुट काढून त्यानं बाजूला ठेवला.

चितामनं हात वर नेला. आधी अंगठा भुवयांच्या मधोमध टेकवला, मग तर्जनी नाकाच्या दांड्यावरून सावकाश खाली आणली, मग दोन्ही बोटांनी नाकपुड्यांची रुंदी धरली. राजाला शिंक येऊ लागली. त्याचं डोकं मागे जाऊ लागलं.

"हलू नका," चिताम म्हणाला.

राजा हलला नाही.